कोणती तार काढावी आणि कोणती राहू द्यावी

फोंडा तालुक्यातल्या एका जुन्या चौकाच्या घरात बसून हिशेब आणि कर-विवरणपत्रांचे काम करणाऱ्या एका ताईंनी विचारले आहे: लॅपटॉपसोबत वापरायला त्यांनी नुकताच चोवीस इंची मॉनिटर घेतला आहे. तो मॉनिटर, प्रिंटर, कीबोर्ड, माऊस आणि बैठकांसाठी लागणारा हेडफोन हे सगळे वायरींशिवाय जोडता येईल का? शिवाय त्यांचे सासरे बाहेरच्या खोलीत शेजारच्या मुलांना मराठी व्याकरण शिकवतात आणि त्यांना लॅपटॉपवरचे धडे तिथल्या टीव्हीवर दाखवायचे आहेत. विक्रेत्याने एक बिनतारी एचडीएमआय संच (चित्र आणि आवाज केबलऐवजी हवेतून पाठवणारा) सुचवून ‘यात सगळे भागते’ असे सांगितले आहे, तर तो घ्यावा का?

ताई, आधी थोडक्यात सांगतो आणि मग कारणे देतो. मॉनिटर केबलनेच जोडा. माऊस, कीबोर्ड आणि प्रिंटर निःशंकपणे बिनतारी ठेवा. हेडफोन बिनतारी चालेल, पण त्यातली एक खोच ठाऊक असावी. टीव्ही बिनतारी जोडता येईल आणि तुमच्या सासऱ्यांच्या कामाला ते पुरेसेही होईल. मात्र कपाटात एक लांब केबल असू द्या. विक्रेत्याच्या संचाबद्दल शेवटी लिहितो.

तुमच्या मॉनिटरचा पडदा आडवा १९२० आणि उभा १०८० ठिपक्यांचा असावा, कारण या आकारात तेच माप सर्रास मिळते. म्हणजे एकूण २०,७३,६०० ठिपके झाले. प्रत्येक ठिपक्याचा रंग सांगण्यासाठी २४ बिट (बिट म्हणजे माहितीचे सर्वांत लहान एकक) लागतात आणि संपूर्ण चित्र सेकंदाला ६० वेळा नव्याने पाठवले जाते. गुणाकार केला तर सेकंदाला सुमारे २९९ कोटी बिट, म्हणजे जवळजवळ ३ गिगाबिट इतकी माहिती लॅपटॉपकडून मॉनिटरकडे अखंड वाहत असते. आता माऊस पाहा. साधा माऊस सेकंदाला १२५ वेळा आपली हालचाल कळवतो आणि दर वेळचा निरोप मोजक्या बाइटांचा असतो. आठ बाइट धरले (एक बाइट म्हणजे आठ बिट) तरी सेकंदाला ८,००० बिटच भरतात. दोन्ही वस्तू आपण एकाच तोंडाने ‘जोडायच्या’ म्हणतो, पण पहिलीची भूक दुसरीच्या पावणेचार लाख पट आहे. बिनतारी जोडणीत कुठे समाधान मिळते आणि कुठे पस्तावायची वेळ येते, हे बहुतेक वेळा या एका आकड्यावरून आधीच सांगता येते.

एचडीएमआय केबलला हे ओझे जड नाही. तिच्या १.४ या जुन्या आवृत्तीची क्षमताही सेकंदाला १०.२ गिगाबिट आहे आणि २.० या आवृत्तीची १८ गिगाबिट. त्यामुळे केबलमधून चित्र जसेच्या तसे, काही न गाळता जाते. घरातल्या वाय-फायचे तसे नाही. राऊटरच्या खोक्यावर कितीही मोठा आकडा छापलेला असला तरी प्रत्यक्षात हाती काहीशे मेगाबिट (एक मेगाबिट म्हणजे दहा लाख बिट) लागतात आणि तेही घरातल्या सगळ्या फोनांमध्ये वाटून घ्यावे लागतात. म्हणून हवेतून चित्र पाठवण्यापूर्वी लॅपटॉप ते प्रचंड प्रमाणात आवळतो, साधारणपणे १० ते २० मेगाबिटांत बसवतो. मूळच्या दीडशेव्या ते तीनशेव्या हिश्शात मावणारे ते चित्र बघवते, हेच मला आजही नवल वाटते.

पण आवळण्याची ही रीत चित्रपटांसाठी घडवलेली आहे. चेहरे, आकाश, झाडी, हालचाल यांत थोडी माहिती गाळली तरी डोळ्याला कळत नाही. त्यातली मुख्य काटकसर रंगात केली जाते: उजेड-अंधाराची माहिती प्रत्येक ठिपक्याची वेगळी ठेवतात, पण रंगाची माहिती चार ठिपक्यांत मिळून एकच पाठवतात. चित्रपटात ही चोरी पकडली जात नाही. हिशेबाच्या तक्त्यात मात्र पिवळ्या चौकटीतला लाल आकडा कडेने फिस्कटतो, बारीक अक्षरांभोवती धुरकट कडा दिसते, आणि ३ व ८ यांच्यात फरक करण्यासाठी मान पुढे काढावी लागते. दहा मिनिटे हे चालून जाते. जुलैअखेरीस दिवसाचे दहा तास आकडे वाचणाऱ्या माणसाने ते का सोसावे, याचे उत्तर माझ्याकडे नाही.

दुसरा प्रश्न उशिराचा आहे. चित्र आवळायचे, हवेतून पाठवायचे, पलीकडे उलगडायचे आणि अडखळू नये म्हणून थोडे साठवून मग दाखवायचे, या साखळीत सेकंदाचा दहावा भाग सहज जातो, काही उपकरणांत पाव सेकंदही. व्याकरणाचा धडा दाखवताना कोणाला त्याचा पत्ताही लागत नाही. परंतु माऊस हलवल्यावर बाण हाताच्या मागून रांगत आला की नेमक्या चौकटीवर टिचकी मारणे अवघड होते. आपण पुढे जातो, मागे येतो, पुन्हा पुढे जातो. असा मॉनिटर लावून घेतलेले लोक आठवड्याभरात ‘संगणक मंद झाला’ अशी तक्रार घेऊन येतात, आणि संगणक तपासला तर त्यात काही बिघडलेले नसते.

तिसरी अडचण क्वचितच कोणी सांगते, म्हणून ती जरा सविस्तर मांडतो. लॅपटॉपमध्ये वाय-फायचा रेडिओ बहुधा एकच असतो. पडद्याचे चित्र वाय-फायच्या लहरींवरून थेट दुसऱ्या पडद्याकडे पाठवणाऱ्या मिराकास्ट या पद्धतीने मॉनिटर जोडला की तोच रेडिओ एकीकडे राऊटरशी आणि दुसरीकडे थेट मॉनिटरशी बोलू लागतो. दोघे एकाच चॅनेलवर, म्हणजे लहरींच्या एकाच पट्टीवर, असतील तर ठीक. वेगवेगळ्या चॅनेलवर असतील तर रेडिओला क्षणाक्षणाला इकडून तिकडे उड्या माराव्या लागतात. परिणामी चित्रही अडखळते आणि इंटरनेटही रखडते. कर विभागाच्या संकेतस्थळावर विवरणपत्र अर्धे भरलेले असताना जोडणी तुटली की घरातले सगळे इंटरनेट कंपनीला दोष देतात, आणि खरे कारण शेजारी टेबलावर उभे असते. लॅपटॉप केबलने राऊटरला जोडला की ही ओढाताण थांबते, पण मग एक तार वाचवण्यासाठी दुसरी लावली असे होते.

‘तंत्रज्ञान इतके पुढे गेले आणि यावर उपाय निघाला नाही का?’ असे मला वारंवार विचारले जाते. प्रयत्न झाले आहेत. इंटेलने २०१० मध्ये वायडाय ही बिनतारी चित्र पाठवण्याची पद्धत आणली. २०१२ मध्ये वाय-फाय अलायन्स या कंपन्यांच्या संघटनेने मिराकास्टचे सर्वमान्य प्रमाणपत्र सुरू केले आणि पुढे वायडाय त्यातच विरून गेले. चित्र फारसे न आवळता पाठवता यावे म्हणून ६० गिगाहर्ट्झवर चालणारे वायगिगही आले. त्याचा वेग मोठा होता, पण त्या लहरी इतक्या आखूड असतात की भिंत सोडाच, मधे माणूस उभा राहिला तरी त्या अडतात. वायगिगचे लॅपटॉप-डॉक (लॅपटॉपला मॉनिटर वगैरे जोडून देणारी खोकी) काही काळ विकले गेले आणि २०१७ मध्ये इंटेलने आपली ती उत्पादने थांबवली. आज ‘वायरलेस मॉनिटर’ म्हणून जे विकले जाते, तो बहुधा आत मिराकास्टचे चित्र झेलणारा भाग बसवलेला नेहमीचाच मॉनिटर असतो. त्याला विजेची तार लागतेच, ही गोष्ट जाहिरातीतल्या छायाचित्रात दिसत नाही.

त्यात तुमचे घर जुने आहे, याचाही विचार केला पाहिजे. आपल्याकडच्या चौकाच्या घरांच्या भिंती चिऱ्यांच्या किंवा मातीच्या आणि हातभर जाड असतात. चिऱ्यांचा जांभा दगड सच्छिद्र असतो; जून ते सप्टेंबर तो पाणी पिऊन बसतो, आणि रेडिओलहरी शोषून घेण्यात पाणी चांगलेच तरबेज असते. मे महिन्यात माजघरातून बाहेरच्या खोलीत नीट पोचणारे वाय-फाय श्रावणात दारातच दम तोडते, हा अनुभव अंत्रुजातल्या, म्हणजे फोंड्याकडच्या, बहुतेक जुन्या घरांत मी घेतला आहे. ५ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे ६ सेंटीमीटर आणि २.४ गिगाहर्ट्झच्या लहरीची सुमारे साडेबारा. आखूड लहर जास्त माहिती वाहते, पण भिंतीपुढे लवकर हार मानते. चौकाचा एक फायदाही आहे: राऊटर चौकाकडे उघडणाऱ्या दाराच्या किंवा खिडकीच्या रेषेत ठेवला तर लहरी मोकळ्या अंगणातून पलीकडच्या खोलीत शिरतात आणि दोन भिंती वाचतात. देव्हाऱ्यामागे, लोखंडी कपाटावर किंवा मोठ्या आरशाजवळ राऊटर ठेवू नये. धातूवरून आणि आरशाच्या पाठच्या मुलाम्यावरून लहरी परततात.

म्हणून मॉनिटरसाठी दीड-दोन मीटरची साधी एचडीएमआय केबल घ्या आणि टेबलाच्या मागच्या कडेने बांधून टाका. तुमच्या लॅपटॉपला यूएसबी-सी खाच असेल आणि मॉनिटरलाही असेल, तर त्याहून चांगली सोय आहे: एकाच केबलमधून चित्र जाते, लॅपटॉपला वीज मिळते आणि मॉनिटरच्या मागे लावलेला प्रिंटर किंवा पेनड्राइव्हही लॅपटॉपला दिसतो. वायरींचा गुंता हीच मूळ तक्रार असेल, तर या एका तारेने ती जवळजवळ मिटते. फक्त एक तपासा. सगळ्या यूएसबी-सी खाचा चित्र देत नाहीत; काही नुसत्या विजेच्या आणि माहितीच्या असतात. खाचेशेजारी डिस्प्लेपोर्टची किंवा थंडरबोल्टची खूण आहे का पाहा, नसेल तर लॅपटॉपच्या पुस्तिकेत शोधा. केबलचेही तसेच आहे. फोनसोबत आलेली चार्जिंगची केबल बाहेरून हुबेहूब दिसते, पण तिच्यातून चित्र जात नाही.

आता सासऱ्यांचा टीव्ही. इथे बिनतारी जोडणी योग्य ठरते, कारण अक्षरे मोठी असतात, दहा फुटांवरून पाहायची असतात, आणि शिकवणारा माणूस लॅपटॉप घेऊन खोलीत फिरू शकतो. यात दोन मुळातच निराळ्या पद्धती आहेत, आणि त्यांची गल्लत झाली की माणूस हैराण होतो. पहिलीत आपल्या पडद्याचे प्रतिबिंब पाठवले जाते. विंडोजमध्ये मिराकास्ट हे काम करते, ॲपलच्या उपकरणांत एअरप्ले. जे लॅपटॉपवर दिसते तेच टीव्हीवर, आणि लॅपटॉप मिटला की खेळ संपला. दुसरीत आपण टीव्हीला फक्त पत्ता देतो. फोनवर यूट्यूब उघडून कास्टची खूण दाबली की टीव्ही किंवा त्याला लावलेला क्रोमकास्ट (गूगलचे टीव्हीला जोडायचे छोटे उपकरण) तो व्हिडिओ स्वतः इंटरनेटवरून आणतो. फोनकडे केवळ रिमोटचे काम उरते. फोन खिशात घालून तुम्ही स्वयंपाकघरात गेलात तरी व्हिडिओ चालूच राहतो. चित्र यात जास्त स्वच्छ मिळते, कारण ते दुसऱ्यांदा आवळले जात नाही.

या फरकाला आपल्याकडे पावसाळ्यात वेगळेच महत्त्व येते. झाड पडून रस्त्यावरची फायबर तुटली की दुसरी पद्धत बंद पडते, कारण टीव्हीला आणायला इंटरनेटच उरत नाही. मिराकास्ट मात्र लॅपटॉप आणि टीव्ही यांच्यात थेट चालू शकते. त्याला इंटरनेट नको, राऊटरही नको. लॅपटॉपमध्ये साठवलेले धडे त्या दिवशीही दाखवता येतात. सासऱ्यांचे वर्ग पावसात चुकू नयेत असे वाटत असेल, तर टीव्ही मिराकास्ट घेतो का हे आधी पाहा. बऱ्याच टीव्हींवर ते ‘स्क्रीन मिररिंग’, ‘स्क्रीन शेअर’ किंवा ‘वायरलेस डिस्प्ले’ अशा नावांनी असते. एक सूचना फोनपुरती: काही फोनांत मिराकास्ट असते, सॅमसंगमध्ये ते स्मार्ट व्ह्यू या नावाने दिसते, पण गूगलच्या पिक्सेल फोनांत ते नाही, त्यांना क्रोमकास्टचाच रस्ता आहे.

विंडोजमध्ये कृती सोपी आहे. टीव्हीवर तो पर्याय उघडून ठेवा आणि लॅपटॉपवर विंडोजची कळ दाबून धरून ‘के’ दाबा. जवळच्या पडद्यांची यादी येईल. त्यातून आपला टीव्ही निवडल्यावर विंडोज आणि ‘पी’ या कळा दाबल्या की पडदा कसा वापरायचा हे ठरवता येते. ‘डुप्लिकेट’ म्हणजे दोन्हीकडे तेच. ‘एक्स्टेंड’ म्हणजे टीव्ही हा वेगळा, जास्तीचा पडदा. शिकवणाऱ्याने दुसरा पर्याय शिकून घ्यावा असे माझे आग्रहाचे मत आहे. टीव्हीवर फक्त धडा राहतो, लॅपटॉपवर टिपणे आणि उत्तरे उघडी ठेवता येतात, आणि मधेच आलेला खासगी निरोप मुलांना दिसत नाही.

यादीत टीव्ही दिसतच नाही, ही सर्वांत मोठी तक्रार. मी क्रमाने असे पाहतो. क्रोमकास्ट असेल तर दोन्ही उपकरणे एकाच वाय-फायवर आहेत का? अनेकदा टीव्ही पाहुण्यांसाठीच्या ‘गेस्ट’ नेटवर्कवर अडकलेला असतो, आणि त्या नेटवर्कवरची उपकरणे एकमेकांना दिसू नयेत अशीच राऊटरची रचना असते. कार्यालयाचा व्हीपीएन, म्हणजे कार्यालयाच्या नेटवर्कशी जोडणारा खासगी मार्ग, चालू आहे का? असेल तर लॅपटॉप घरातल्या उपकरणांकडे पाहायचेच सोडून देतो. विंडोजने घरच्या वाय-फायला ‘पब्लिक’ मानले आहे का? मानले असेल तर ते ‘प्रायव्हेट’ करा. एवढ्यात भागले नाही, तर टीव्ही रिमोटने बंद न करता भिंतीवरच्या बटणाने बंद करून मिनिटभराने चालू करा. हा शेवटचा उपाय सांगताना मला थोडा संकोच होतो, पण त्याने जितक्या अडचणी सोडवल्या आहेत तितक्या माझ्या अभ्यासाने सोडवल्या नसतील.

जोडताना टीव्ही चार किंवा आठ आकडी पिन दाखवतो. ती सोय बंद करू नका. पर्वरीच्या किंवा मडगावच्या इमारतींमध्ये ही यादी उघडली की शेजाऱ्यांचे पाच-सहा टीव्ही दिसतात. तुमच्या वाड्यावर तसे नसेल, तरी तुमच्या एखाद्या ग्राहकाचे विवरणपत्र चुकून भलत्याच पडद्यावर उमटू नये, याची काळजी तुमच्या व्यवसायात घ्यायलाच हवी. आणखी एक गोष्ट: काही चित्रपट-सेवांचे व्हिडिओ प्रतिबिंब पद्धतीने पाठवले की टीव्हीवर नुसता काळा पडदा येतो. तो बिघाड नसतो; नक्कल होऊ नये म्हणून घातलेले ते कुलूप असते. अशा वेळी त्या सेवेचे टीव्हीवरचे ॲप वापरावे.

कपाटात लांब केबल असू द्या असे का म्हणालो, ते सांगतो. काही वर्षांपूर्वी एका गावच्या देवळाच्या सभामंडपात व्याख्यानासाठी मी लॅपटॉप आणि प्रोजेक्टर मिराकास्टने जोडून दिले होते. दुपारी रिकाम्या मंडपात चाचणी घेतली तेव्हा चित्र आरशासारखे होते. संध्याकाळी माणसे जमली, मंडप भरला, आणि तिसऱ्याच छायाचित्रावर पडदा गोठला. प्रत्येकाच्या खिशात फोन होता, त्यांतले कित्येक आपापले हॉटस्पॉट चालू ठेवून बसले होते. आणि माणसाचे शरीर म्हणजे तरी बव्हंशी पाणीच, ते लॅपटॉप आणि प्रोजेक्टर यांच्या मधे ओळीने बसलेले. वक्त्यांनी चित्रांशिवाय पुढचा तासभर बोलून वेळ निभावली. मी मागच्या खांबाशी उभा होतो आणि मला कुठे तोंड लपवावे ते कळत नव्हते. तेव्हापासून रिकाम्या खोलीतली चाचणी मी चाचणी मानत नाही, आणि गाडीत वीस मीटरची केबल ठेवतो.

लांब केबलचेही काही नियम आहेत. साधी तांब्याची एचडीएमआय केबल पाच मीटरपर्यंत निर्धास्त घ्यावी. त्यापुढे तिचा दर्जा आणि चित्राचे माप यांवर यश अवलंबून राहते. दहा-पंधरा मीटरच्या पुढे आत काचतंतू असलेली एचडीएमआय केबल मिळते; ती उत्तम चालते, पण तिला दिशा असते. एका टोकावर ‘सोर्स’ आणि दुसऱ्यावर ‘डिस्प्ले’ लिहिलेले असते, आणि भिंतीतून उलटी ओढली तर पुन्हा काढावी लागते. दुसरा मार्ग म्हणजे नेटवर्कच्या कॅट-६ केबलवरून चित्र नेणारे एचडीबेसटी उपकरण. त्याची मर्यादा १०० मीटरपर्यंत आहे. मात्र एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत उघड्यावरून तांब्याची केबल नेऊ नये. मे-जूनमधल्या आणि ऑक्टोबरमधल्या गडगडाटात अशा केबलीतून वीज आत शिरून दोन्ही टोकांची उपकरणे जाताना मी पाहिली आहेत. तिथे काचतंतू किंवा बिनतारी, हेच दोन पर्याय योग्य होत.

माऊस आणि कीबोर्ड यांच्याबद्दल फार लिहायला नको, कारण ते चालतात. ब्लूटूथचे घ्यावेत की यूएसबीत खोचायच्या छोट्या डोंगलचे, एवढाच प्रश्न उरतो. ब्लूटूथमुळे लॅपटॉपची एक खाच वाचते. डोंगलवाला कीबोर्ड संगणक सुरू होतानाच, विंडोज उभे राहण्याआधीही चालतो. ब्लूटूथचा बहुधा तेव्हा चालत नाही, त्यामुळे लॅपटॉप बिघडून दुरुस्तीच्या पडद्यावर अडकला की पंचाईत होते. लॅपटॉपला स्वतःचा कीबोर्ड असल्याने तुम्हाला त्याची फिकीर नाही. पण डोंगल घेतलात तर ते यूएसबी ३.० च्या खाचेत बाहेरच्या हार्डडिस्कच्या शेजारी खोचू नका. यूएसबी ३.० च्या वाहतुकीतून २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास रेडिओगोंगाट होतो. इंटेलनेच २०१२ मध्ये तसा सविस्तर शोधलेख प्रसिद्ध केला होता. माऊस अडखळू लागला की लोक सेल बदलतात, आणि उपाय असतो डोंगल हातभर लांबीच्या यूएसबी केबलने जरा दूर नेण्याचा.

हेडफोनातली खोच अशी. ब्लूटूथ हेडफोनवर गाणी छान ऐकू येतात, आणि बैठक सुरू होताच आवाज जुन्या टेलिफोनसारखा होतो. हेडफोन बिघडलेला नसतो. ब्लूटूथची जुनी पद्धत एकतर उत्तम आवाज ऐकवू शकते, किंवा ऐकणे आणि बोलणे दोन्ही एकदम सांभाळू शकते. दुसरे करायला गेले की पहिल्याचा दर्जा खाली येतो. उपाय सोपा आहे: बैठकीच्या ॲपमध्ये ऐकण्यासाठी ब्लूटूथ हेडफोन आणि बोलण्यासाठी लॅपटॉपचा स्वतःचा माइक निवडा. शांत खोलीत हे उत्तम चालते. पत्र्यावर पाऊस कोसळत असताना मात्र तोंडाजवळचा माइक हवा, आणि तेव्हा तारेचा साधा हेडफोन महागड्या बिनतारी हेडफोनला मागे टाकतो.

प्रिंटर बिनतारी असणे ही मला खरी सुखाची गोष्ट वाटते. तो कोरड्या, वाळवीपासून दूर अशा कोपऱ्यात ठेवता येतो आणि फोनवरूनही छापता येते. दोनच गोष्टी सांभाळा. पहिली, बरेच घरगुती प्रिंटर फक्त २.४ गिगाहर्ट्झवर जोडले जातात; राऊटरने दोन्ही पट्ट्यांना एकच नाव दिले असेल आणि प्रिंटर जोडला जात नसेल, तर राऊटरमध्ये २.४ ला वेगळे नाव देऊन पाहा. दुसरी, वीज जाऊन आल्यावर प्रिंटर ‘ऑफलाइन’ दाखवतो, याचे कारण बहुधा असे असते की राऊटरने त्याला नवा पत्ता दिलेला असतो आणि लॅपटॉप जुन्या पत्त्यावर हाका मारत बसतो. राऊटरच्या ‘ॲड्रेस रिझर्व्हेशन’ या सोयीत प्रिंटरचा पत्ता कायमचा राखून ठेवा. पाच मिनिटांचे काम आहे, आणि आपल्याकडे पावसाळ्यात दिवसातून किती वेळा वीज जाते ते तुम्हाला मी सांगायला नको.

आता विक्रेत्याने सुचवलेला संच. त्यात दोन डब्या असतात. एक लॅपटॉपच्या एचडीएमआय खाचेत बसते, दुसरी टीव्हीच्या मागे, आणि दोघी आपसांत बहुधा ५ गिगाहर्ट्झवर बोलतात. त्याला ना विंडोजची आवृत्ती अडवते ना टीव्हीचा प्रकार, हा त्याचा मोठा गुण आहे. तुमचा टीव्ही मिराकास्ट घेत नसेल, तर सासऱ्यांसाठी तो उपयोगी पडेल. पण त्यातही चित्र सहसा आवळूनच पाठवले जाते, आणि दोन्ही डब्यांना यूएसबीतून वीज लागते. विकत घेण्यापूर्वी विक्रेत्याला तो घरी आणायला सांगा आणि दुकानातल्या काचेच्या टेबलावर दाखवलेली करामत विसरून जा. लॅपटॉपवर हिशेबाचा खरा तक्ता उघडा, त्यात काही आकडे लाल करून पिवळ्या चौकटीत ठेवा, आणि टीव्हीच्या खोलीचे दार लावून घ्या. मुलांना त्यांच्या नेहमीच्या जागी बसवा, घरातले सगळे फोन वाय-फायवर चालू ठेवा, आणि माऊसचा बाण पडद्याच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत भराभर फिरवा. अर्धा तास असे चालवून डब्या किती तापतात ते हात लावून पाहा. या चाचणीत चित्र तुटले नाही तर टीव्हीसाठी तो अवश्य घ्या, आणि त्याच विक्रेत्याकडून मॉनिटरसाठी दीड मीटरची केबलही मागून घ्या.